टाकीतले पाणी आणि पंपातले दुधाळ तेल
पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या (हवा दाबून साठवणाऱ्या यंत्राच्या) टाकीतून रोज एवढे पाणी निघते म्हणजे यंत्र बिघडले आहे का, ही शंका रास्त असली, तरी हा बिघाड नव्हे. ३० अंश सेल्सियसला एक घनमीटर जागेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते आणि ही मर्यादा दाबावर नव्हे, तर तापमानावर ठरते. त्यामुळे ८० टक्के आर्द्रतेची ८ घनमीटर हवा दाबून १ घनमीटर केली आणि ती पुन्हा ३० अंशांवर आली, की तिच्यातल्या सुमारे १९० ग्रॅम बाष्पापैकी १६० ग्रॅमचे पाणी होणारच. म्हणून हवेतले बाष्प काढणारा ड्रायर टाकीच्या पुढे, हवा निवल्यावर बसवावा.

व्हॅक्यूम पंपातले (बंद जागेतली हवा उपसून काढणाऱ्या पंपातले) तेल पाणी मिसळून दुधाळ झाले, की दिला जाणारा 'तेल बदला' हा सल्ला मात्र मला अपुरा वाटतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग गेडे यांनी १९३५ साली शोधलेली गॅस बॅलास्टची सोय नेमकी यासाठीच आहे : थोडी बाहेरची हवा आत घेतल्याने बाष्पाचे पाणी होण्याआधीच निकासाची झडप उघडते आणि बाष्प तेलात न उतरता बाहेर पडते. थंड पंपात तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून पंप आधी अर्धा तास चालवून तापू द्यावा आणि काम संपल्यावरही बॅलास्ट उघडा ठेवून काही वेळ चालवावा.