पॉलिबियस: जो गेम कुणी खेळलाच नाही, तो बंद कोणी पाडला?

तिसऱ्या_रांगेतला
परवा इथे एकाने छातीठोक लिहिलं की 'पॉलिबियस' हा व्हिडिओ गेम अमेरिकन सरकारने गायब केला. खाली सगळ्यांचं 'बापरे'. म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १९८१, ओरेगन राज्यातलं पोर्टलंड. गेम पार्लरमध्ये एक काळं कॅबिनेट, म्हणजे नाणं टाकून खेळायचं कपाटाएवढं यंत्र, येतं. पोरं रांगा लावतात, मग कुणाला फिट, कुणाला रात्री भयानक स्वप्नं. काळ्या कोटातली माणसं येतात, पैशांच्या पेटीला हात न लावता आतली माहिती उतरवून घेतात. महिन्याभरात कॅबिनेटं गायब.

माझ्या मते हे बनावट आहे, आणि बनावटही उशिराची. 'कॉइनऑप' या संकेतस्थळावरच्या मूळ नोंदीत १९९८ लिहिलंय, पण २००० च्या आधीचा तिचा माग लागत नाही. 'गेमप्रो' मासिकाने सप्टेंबर २००३ मध्ये ती छापली आणि मग सुटलीच गाडी. १९८१ चा एक कागद दाखवा. 'प्ले मीटर', 'रीप्ले' ही धंद्याची मासिकं तेव्हा निघत होती. त्यांत ना बातमी, ना जाहिरात. कंपनीचं नाव काय, तर 'झिनेसलोशन'! जर्मन येणाऱ्याला विचारा, शब्दकोश हातात धरून जोडलेला शब्द वाटतो.

घाटावरचा_भुंगा
असहमत. कागद नाही म्हणजे घटना नाही, हा सरकारी कचेरीतला न्याय झाला. अटारी या गेम कंपनीने 'ई.टी.' या गेमची काडतुसं (म्हणजे गेमच्या कार्ट्रिज) न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरली, यालाही लोक थापच म्हणायचे. एप्रिल २०१४ मध्ये खणलं आणि निघाली की! आणि सरकार लोकांवर प्रयोग करत नाही म्हणता? सीआयएचं 'एमके-अल्ट्रा' विसरलात? माणसांना नकळत एलएसडी पाजत होते.

तिसऱ्या_रांगेतला
@भुंगा, अलामोगोर्डोचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती काडतुसं पुरली त्याच महिन्यात, सप्टेंबर १९८३ ला, 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये बातमी होती. लोकांनी वाचली नाही, एवढंच. पॉलिबियसची अशी एक ओळ दाखवा, मी धागा उडवायला सांगतो.

रसिका_ठाणे
दोघांचंही थोडं थोडं बरोबर वाटतंय. नोव्हेंबर १९८१ मध्ये पोर्टलंडमध्ये खरंच दोन मुलं आजारी पडली होती. एक जण 'ॲस्टेरॉइड्स' सलग २८ तास खेळत होता, विक्रमासाठी. पोटात दुखायला लागलं. (नुसत्या कोकवर २८ तास काढल्यावर माझंही दुखलं असतं.) दुसऱ्याला 'टेंपेस्ट' खेळताना अर्धशिशी. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या पार्लरवर सरकारी धाडी पडल्या, त्या जुगारासाठी. म्हणजे आजारी मुलं खरी, सरकारी माणसं खरी, यंत्रांची तपासणी खरी. फक्त गेम नाही.

घाटावरचा_भुंगा
बघा! हेच म्हणतोय मी. धूर आहे तर आग असणारच.

रसिका_ठाणे
धूर आहे, पण तो दोन वेगळ्या चुलींचा. नंतर कुणीतरी एकच स्वयंपाकघर कल्पलं.

पोथीवाला
अवांतर: पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार, जन्म अर्केडिया प्रांतात. अर्केडिया आणि आर्केड (म्हणजे गेम पार्लर)! शिवाय प्रत्यक्ष पाहणाऱ्यांना विचारल्याशिवाय इतिहास लिहू नये, हा त्याचा आग्रह. ज्याने हे नाव निवडलं त्याने खोड्या काढायच्या ठरवूनच निवडलं असावं.

बेडेकर_ज्यु.
आपल्याकडे ब्लू व्हेलचं, त्या मुलांना आत्महत्येला लावणाऱ्या म्हणे ऑनलाइन गेमचं, काय वेगळं झालं? २०१७ मध्ये शाळेच्या पालकसभेत आमच्या मातोश्रींना सूचनांचं पत्रक मिळालं. घरी येऊन माझा मोबाइल जप्त. मी तेव्हा लुडो खेळत होतो. जानेवारी २०१८ मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की तपासलेल्या एकाही प्रकरणात त्या गेमचा संबंध सिद्ध झाला नाही. मोबाइल मात्र दहावी होईपर्यंत कपाटातच.

घाटावरचा_भुंगा
विषय भरकटवू नका. माझा सख्खा काका पोर्टलंडजवळ हिल्सबरोला राहतो, चिप कंपनीत होता. त्यानेच मला सांगितलं होतं की तिथल्या जुन्या लोकांना हे कॅबिनेट आठवतं. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट.

तिसऱ्या_रांगेतला
शाळेत म्हणजे कोणत्या साली? २००३ च्या आधी की नंतर? सगळा खटला इथेच आहे.

घाटावरचा_भुंगा
आधी. नक्की आधी. थांबा, विचारतोच.

पोथीवाला
तोवर एक: २०१७ मध्ये जेफ मिंटर या गेम बनवणाऱ्याने याच नावाचा गेम प्लेस्टेशनवर काढला. खेळलोय. डोळे दिपतात, पण फिट वगैरे आली नाही. बायकोने जेवायला तीनदा हाक मारली ती ऐकू आली नाही, हा परिणाम धरायचा असेल तर धरा.

घाटावरचा_भुंगा
काकाशी बोललो. तो म्हणतो, "मी कधी सांगितलं? तूच मला २०११ ला ईमेलमध्ये लिंक पाठवली होतीस, आणि मी ऑफिसात चार जणांना विचारलं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं."

ठीक आहे. पण ते चारही जण १९९० नंतर तिथे गेलेले आहेत. त्यांना कसं आठवणार?

रसिका_ठाणे
😄