अकरा दिवस, सहा माणसं आणि जाडजूड यादी. सुरुवात कुठून करू?

हिंगण्याची_मुलगी | ४ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

आज महापालिका निवडणुकीसाठी पहिल्यांदा मतदार यादी घेऊन घरोघर फिरले. डोकं गरगरतंय, म्हणून इथे विचारते.

पुणे, सिंहगड रस्त्याची बाजू. पक्ष सांगत नाही, नाहीतर माझा प्रश्न राहील बाजूला आणि तुमचंच जुंपेल. गेल्या गणपतीपासून पक्षाच्या शाखेत जाते. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर १४८ जण आहेत, नेत्याच्या वाढदिवसाला केक कापताना चाळीस असतात, आज सकाळी नऊला शाखेसमोर सहा होते. त्यातला एक बाकरवडी आणायला गेला तो साडेअकराला उगवला.

मी सव्वीस वर्षांची. महापालिकेला हे माझंही पहिलंच मतदान, कारण मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची आणि तेव्हा मी सतरा वर्षांची होते. म्हणजे मी लोकांना शिकवणार काय?

आजचा हिशेब: साठ दारं. तेवीस बंद. एका गृहस्थांनी जाळीच्या दारामागूनच ‘तिथे ठेवा’ म्हणून चपलांच्या स्टँडकडे बोट दाखवलं, तिथे आधीच्या तिघांची पत्रकं पडलेली. आणि एक काकू. यादीत त्यांच्या सासूबाई आहेत, ज्यांना जाऊन चार वर्षं झाली. काकू स्वतः नाहीत. लोकसभेलाही नाव नव्हतं, तेव्हा कोणीतरी ‘करून देतो’ म्हणून आधारची झेरॉक्स घेऊन गेला होता. त्यांनी मला विचारलं, ‘मेलेल्या माणसाला मत आहे आणि मला का नाही?’ मी पाणी पिऊन निघून आले.

काल चिन्हं मिळाली. मतदान १५ ला. आमचे चारही उमेदवार रोज आपापली वेगळी पदयात्रा मागतायत. सहा जणांत नेमकं काय करायचं?

बूथवाला_काका | ४ जानेवारी, रात्री १०.५५

पोरी, आधी पत्रकं खाली ठेव आणि शिसपेन्सिल घे. पेन नको, खोडावं लागतं.

मी १९९२ पासून मतदान केंद्राबाहेर पक्षाच्या टेबलावर बसतोय. पुण्यात दर खेपेला डाव नवा असतो. २००७ ला प्रभागात एक नगरसेवक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार आणि आताही चार. मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक. लोक नगरसेवक विसरले आहेत, चार बटणं तर विसरलेच आहेत. त्यावर नंतर येतो.

तुम्हा सहा जणांना अख्खा प्रभाग झेपायचा नाही. एक यादी भाग घ्या, फार तर दोन. समजा हजार नावं. पहिल्या फेरीत मत मागूच नका. नाव बरोबर आहे का, माणूस इथे राहतो का, एवढंच. मयत असेल तर ‘म’, घर सोडून गेला तर ‘स’, लग्न होऊन गेली तर ‘ल’, कुलूप असेल तर गोल. दोन दिवसांत हजाराचे सहा-सातशे उरतात. प्रत्येक दारात भाषण दिलंस तर संपेपर्यंत मार्च उजाडेल.

यादीत घर क्रमांकाच्या जागी निम्म्या वेळा नुसती रेघ असते आणि एकाच घरातली चार माणसं तीन पानांवर विखुरलेली असतात. अशा वेळी सोसायटीच्या इस्त्रीवाल्याकडे बसायचं. कोण कुठल्या फ्लॅटमध्ये, कोणाचा मुलगा पुण्यातच आहे आणि कोणाचा जर्मनीला गेला, हे त्याला कपड्यांवरून माहीत असतं. चेअरमनला इतकं माहीत नसतं. एक चहा पाज आणि पानं उलटत जा.

मग दुसरी फेरी: आपले पक्के, समोरचे पक्के, कुंपणावरचे. समोरच्या पक्क्यांना नमस्कार घालून पुढे व्हायचं, वाद घालण्यात अर्धा तास जातो. आम्ही २०१७ ला खाल्लेला मार सांगतो. ‘ती बिल्डिंग आपलीच आहे’ म्हणून तिकडे कोणी फिरकलंच नाही. मतदानादिवशी आपली बिल्डिंग लोणावळ्याला होती. या वेळी तर गुरुवार आहे, शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे. तेव्हा आपल्या पक्क्यांना आत्ताच विचार, सकाळी जाणार की दुपारी? वेळ तोंडाने वदवून घे आणि नावापुढे लिही.

काकूंचं म्हणशील तर खोटी आशा दाखवू नकोस. महापालिकेची यादी वेगळी बनत नाही. १ जुलै २०२५ ला विधानसभेच्या यादीत जी नावं होती, तीच प्रभागवार कापून घेतली आहेत. आता भर पडणार नाही. पण त्याआधी शेजारच्या प्रभागात शोध, माहेरच्या नावाने शोध, आडनावाची वेलांटी बदलून शोध. नाहीच मिळालं तर त्यांचं नाव घालायला फॉर्म ६ आणि सासूबाईंचं काढायला फॉर्म ७, पुढच्या निवडणुकीसाठी. आणि भरताना शेजारी बस. झेरॉक्स नेणारे बहाद्दर मी पुष्कळ पाहिलेत.

गिरगावकर | ५ जानेवारी, सकाळी ८.१०

मुंबईत आम्ही सुखी, २२७ प्रभाग आणि माणशी एकच मत. बाकी दुखणं सगळीकडे सारखंच. आमच्या चाळी पडल्या, टॉवर झाले, जुने लोक विरार-बदलापूरला गेले, नावं अजून इथेच. रीतसर त्यांनी तिकडे नाव न्यायला हवं, सांगूनही दमलो. टॉवरमध्ये तर लिफ्टच कार्डाशिवाय चालत नाही.

काका म्हणाले त्यात एक घालतो. शाखेत फळा ठेवा. मतदानादिवशी दर दोन तासांनी केंद्रावरचा आकडा खडूने लिहायचा. आकडा लिहिलेला दिसला की घरी जेवायला गेलेला कार्यकर्ता आपणहून परत येतो. मोबाइलवर पाठवलेला आकडा कोणी बघत नाही.

सोसायटी_सेक्रेटरी | ५ जानेवारी, सकाळी ११.३०

दाराच्या आतल्या बाजूने लिहितो, रागावू नका.

काल आमच्याकडे पाच पक्षांचे लोक येऊन गेले. एका पदयात्रेत हलगी होती. माझी आई पंच्याऐंशीची, दुपारी जरा डोळा लागतो, तर बेल. टँकरचं विचारलं की ‘साहेबांना सांगतो’. कोणत्या साहेबांना, ते काही कळलं नाही.

तुम्ही दोघं जण या. रविवारी, ११ तारखेला, अकरा ते एक. यादी घेऊन क्लबहाउसमध्ये बसा, मी नोटीस लावतो. दुसरा पक्ष आला तर त्यालाही बसवीन, हे आत्ताच सांगून ठेवतो. आमच्या कितीतरी लोकांची विधानसभेला मतदानाची शाळा वेगळी होती आणि आता वेगळी आहे. नाव कुठल्या खोलीत आहे हे जो नीट सांगेल त्याचं मी ऐकून तरी घेईन.

हिंगण्याची_मुलगी | ५ जानेवारी, रात्री ११.०५

काका, इस्त्रीवाला! दीड तासात साठ नावं मार्गी लागली. वर त्याने स्वतःचं नाव शोधून देशील का म्हणून विचारलं. शोधलं, मिळालं, पण नावापुढे दोन तारे आहेत. ते काय असतं?

आणि दुसरं. १४ ला संक्रांत. आमच्या उमेदवार ताईंना त्याच संध्याकाळी हळदीकुंकू करायचंय, वाण म्हणून स्टीलचे डबे. ‘समोरचे पैठणीचे खेळ घेतात, आपण डबा पण नाही द्यायचा का’ म्हणतायत. सगळ्या शाखेत ‘देऊ नये’ म्हणणारी मी एकटीच आहे.

बूथवाला_काका | ६ जानेवारी, सकाळी ६.२०

दोन तारे म्हणजे दुबार असल्याचा संशय. सारख्या नावाचा माणूस दुसरीकडेही यादीत असेल. त्याचं मत गेलेलं नाही. कुठल्या केंद्रावर मत देणार ते त्याने आधी लिहून दिलं तर उत्तम. नाहीतर मतदानादिवशी केंद्रावर हमीपत्र भरून घेतील, की दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही. ओळखपत्रही बारकाईने बघतील. त्याला सांग, भट्टी पेटवायच्या आधी सकाळीच जाऊन ये, दुपारी गर्दीत असल्या कागदांना वेळ लागतो आणि माणूस वैतागून परत फिरतो.

डब्यांचं तूच बरोबर आहेस. मतदाराला वस्तू दिली की ती लाच, त्यात स्टील आणि पैठणी असा भेद नाही. शिवाय जाहीर प्रचार १३ ला संध्याकाळी संपतो. १४ ला उमेदवार बाईंनी मांडव घातला तर समोरचा मोबाइल घेऊन उभाच असेल. ताईंना म्हणावं, हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं आणि रथसप्तमी २५ ला आहे. निवडून आलात तर आनंदाने करा. पडलात तरी करा, बायका जास्त मान देतील.

आता संक्रांतीचीच अडचण. दुसरा दिवस किंक्रांत. आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या करीच्या दिवशी नवीन काम करत नाहीत, प्रवास करत नाहीत. हसू नकोस, त्यांच्याशी वादही घालू नकोस. शाळा गल्लीत आहे, तो प्रवास होत नाही. आणि मत त्या आयुष्यभर देत आल्या आहेत, ते नवीन काम नव्हे. एवढं पुरतं.

राहिली चार बटणं. प्रभागातल्या चार जागांचे चार रंग: अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. त्या रंगांचे कागद पुठ्ठ्यावर चिकटवून घरोघर ने. प्रत्येक रंगात एकदाच दाबायचं. कोणी पसंत नसेल तर त्या रंगात ‘नोटा’ म्हणजे ‘यांपैकी कोणी नाही’ हे बटण आहे, पण रंग सोडून चालत नाही. चारही झाल्याशिवाय शेवटचा बझर वाजत नाही. २०१७ ला एक आजोबा एक बटण दाबून घरी निघाले होते, दारातून परत बोलावलं. ते म्हणाले, मला ज्याला द्यायचं त्याला दिलं, बाकीच्यांचं तुम्ही बघा.

मतदारांना द्यायच्या चिठ्ठ्या पांढऱ्या कोऱ्या कागदावर. नाव, यादी भाग, अनुक्रमांक, शाळा, खोली. चिन्ह नाही, फोटो नाही. आणि अक्षर मोठं.

हिंगण्याची_मुलगी | १५ जानेवारी, रात्री ९.१५

पाय बोलतायत, तरी लिहिते.

सकाळी साडेसातला टेबल लावलं, साडेपाचला उचललं. रविवारी क्लबहाउसमध्ये खरंच तीन पक्ष शेजारी शेजारी बसलो होतो. सेक्रेटरी काकांनी सगळ्यांना एकाच किटलीतला चहा दिला आणि सगळ्यांना टँकरचंच विचारलं. आज ते आईंना व्हीलचेअरवरून घेऊन आले. मत कोणाला, ते विचारलं नाही.

इस्त्रीवाला पावणेआठला हमीपत्र भरून मोकळा.

पुठ्ठा घेऊन ज्यांच्याकडे तीनदा गेले होते त्या आजी बाहेर आल्या त्या रागातच. ‘तीन दाबली, मास्तर म्हणतो अजून एक राहिलंय. मी म्हटलं, रंग मला पाठ आहेत, निळा दिसतच नाही तुमचा, पांढराच वाटतो.’ खोलीत उजेड कमी होता म्हणे.

वेळ लिहून घेतलेल्यांपैकी एकतीस जण दुपारी चारपर्यंत आले नव्हते. फोन लावले. अकरा आले, दोघं खरोखर लोणावळ्याला होते. डबे वाटले नाहीत. ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आज दुपारी पोळीभाजी घेऊन स्वतः टेबलावर आल्या.

आणि त्या काकू. नाव कुठेच सापडलं नाही, माहेरचंही नाही. सकाळी नऊला भाजीची पिशवी घेऊन टेबलाशी थांबल्या, माझं अक्षर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘सरक.’ संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या त्यांनीच लिहिल्या, बँकेत होत्या म्हणे. जाताना फॉर्म ६ मागितला, तर माझ्याकडे एकही नव्हता. काका, तो मोबाइलवरून भरला तर चालतो का, आणि फोटो अलीकडचाच लागतो का? उद्या निकाल आहे, पण मी त्यांच्याकडे सकाळी दहाला येते म्हणून सांगितलंय.