मदत हवी आहे: चिलबिर घरी करायचंय

तुर्कस्तानातलं चिलबिर, म्हणजे खाली लसूण घातलेलं घट्ट दही, त्यावर पोच केलेली (कवच फोडून गरम पाण्यात सोडून शिजवलेली) अंडी आणि वरून पुल बिबेर (तुर्की लाल मिरचीचे जाडसर फ्लेक्स) घातलेलं गरम बटर, इतकं सुंदर लागतं ना! पण दही रात्रभर फडक्यात टांगलं की आंबट होतं आणि मग कच्चा लसूण जास्तच उग्र लागतो, फ्रीजमध्ये टांगू का? वाढायच्या आधी दही बाहेर काढून ठेवतेच, नाहीतर अंडी लगेच गार होतात. पुल बिबेर इथे मिळत नाहीये, ब्याडगीच्या बिया काढून जाडसर कुटली तर जमेल का, कारण तिखटपणा कमीच हवाय? आणि व्हिनेगर घालूनही अंड्याचं पांढरं पाण्यात पसरतं, आधी गाळणीत धरून पातळ भाग काढून टाकायचा का? कोणी नेहमी करत असेल तर प्लीज नीट सांगा.