जादू चालत असतानाच लोकांनी ती सोडली पाहिजे

पाऊलखुणा

गेली तीन वर्षं एका कादंबरीसाठी जग रचते आहे. कोरांट नावाचं पठार, काळा कातळ, आठ महिने उन्हाळा. तिथं पाणी शोधत नाहीत, पाण्याला हाक मारतात. हाक मारणाऱ्या बायांना हाकारणी म्हणतात. हाकेचे शब्द आईकडून मुलीला मिळतात, तेही आई मरणाला टेकल्यावर, कानात. हाक मारली की कातळातून पाणी येतं, दर वेळी येतं. मात्र इथं जेवढं येतं तेवढं दुसऱ्या कुठल्यातरी विहिरीतून जातं, आणि ती विहीर कुणाची हे हाकारणीला कधीच कळत नाही.

मग खालच्या मुलखातून वाफेचं इंजिन आणि लोखंडी पहारी घेऊन माणसं येतात. कातळाला भोकं पाडतात. सातातल्या दोनच भोकांना पाणी लागतं. तरी दोन पिढ्यांत हाकारणी संपतात.

मला वाद घालायचा आहे तो या शेवटच्या वाक्यावर. अशा कथांमध्ये जादू बहुतेक वेळा आपोआप विरते. देव निघून जातात, घराण्याचं रक्त पातळ होतं, मंत्र विसरले जातात. मग रिकाम्या झालेल्या जागेवर यंत्र येऊन बसतं. यात कुणालाच काही सोडावं लागत नाही, म्हणून मला ही पळवाट वाटते. माझ्या जगात शेवटच्या दिवशीही हाकेला पाणी येतं, आणि तरी लोक पाच वेळा कोरड्या जाणाऱ्या भोकाकडे वळतात. कारण भोक कुणालाही पाडता येतं. सुताराचा पोरगा सहा महिन्यांत शिकतो. इंजिन कुणाच्या पोटी जन्मलास ते विचारत नाही, त्याला सोवळं लागत नाही. कानमंत्र एका कानात मावतो. पहार कशी धरायची ते भर बाजारात शंभर जणांना दाखवता येतं.

ही कल्पना मला देवीच्या रोगावरून सुचली. लस येण्याआधीही आपल्या देशात देवीवर उपाय होता. रोग्याच्या फोडातलं द्रव्य निरोगी माणसाच्या कातडीत टोचायचं, सोबत शीतलेची पूजा, पथ्य. बऱ्याच जणांना सौम्य देवी येऊन जायच्या आणि जन्माचं संरक्षण मिळायचं. काही दगावायचे, आणि टोचलेल्या माणसाकडून शेजारच्याला खरा रोग लागू शकायचा. म्हणजे उपाय चालत होता, पण त्याची किंमत कधीकधी भलत्याच घरानं मोजायची. मग बगदाद, बसरा अशा वाटेनं, एका दंडातून दुसऱ्या दंडात टोचत आणलेली गोस्तनदेवीची, म्हणजे गाईंना येणाऱ्या देवीची, लस मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. जुना उपाय बंद पडलेला नव्हता, तरी हळूहळू सुटला. आणि आपली भाषा बघा, रोगाचं नाव देवी, आणि लस घेतली तरी आजी म्हणायची 'देवी काढल्या'.

तर मला बदल असा दाखवायचा आहे. तुम्हाला पटतं का?

उलटतपासणी

नाही पटत, आणि कारण सांगतो.

तुम्ही दिलेलं उदाहरण जादूचं नाहीच. फोडातलं द्रव्य टोचणं हे तंत्र होतं, पूजा त्याच्या अंगावरचं वस्त्र. पूजा काढून टाकली असती तरी टोचणं लागू पडलं असतं. द्रव्य काढून नुसती पूजा ठेवली असती तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

माझा मोठा आक्षेप मात्र पुढचा आहे. 'दर वेळी पाणी येतं' असं म्हटल्यावर जादूचं सगळ्यात भयंकर अंग तुमच्या जगातून गळून पडलं. जिथं लोक जादू खरी मानतात तिथं काही बिघडलं की कुणीतरी ते बिघडवलं असणार, असं ठरतं. आणि ते कुणीतरी बहुधा एकटी बाई असते. योहानेस केप्लर ग्रहांच्या गतीचे नियम मांडत होता त्याच वर्षांत त्याची आई काटारिना चेटकीण म्हणून आरोपी होती. १६१५ मध्ये आरोप झाले, एका बाईनं सांगितलं की हिनं दिलेलं पेय पिऊन मी आजारी पडले. १६१९ मध्ये केप्लरचा तिसरा नियम छापून आला. १६२० मध्ये म्हातारीला कैद झाली, मुलानं स्वतः तिचा बचाव लढवला आणि १६२१ मध्ये ती सुटली. हे सगळं एकाच घरात! इतकं लांब जायचीही गरज नाही. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून छळण्याची प्रथा आपल्याच राज्यातली आहे, आणि जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं, तेही डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर.

तुमची हाक कधी चुकतच नाही, मग हाकारणीच्या दारावर दगड घेऊन कोण येणार? इतकी निर्मळ जादू सोडताना वाचकाला नुसती हुरहुर वाटेल, सुटका वाटणार नाही. मला या विषयात हुरहुरीची भीती वाटते.

कातळ

आमचा बोअरचा धंदा आहे, वडिलांपासून. मराठवाड्यात गाडी फिरते. तुमचं पठार वाचलं आणि आमच्याच शिवारात उभा असल्यासारखं वाटलं, म्हणून लिहितो. कादंबऱ्यांचं मला कळत नाही.

पण ताई, यंत्र आलं की जादू जाते हे आमच्याकडं तरी खरं नाही. गाडी शेतात उभी करायच्या आधी शेतकरी पाणाड्या आणतो. कुणी तळहातावर नारळ आडवा ठेवून चालतो, नारळ उभा राहिला की तिथं पॉइंट. कुणाच्या हातात झाडाची दुबेळकी फांदी असते. आम्ही गाडी त्याच खुणेवर लावतो. मशीन आल्यामुळं पाणाड्याचा भाव वाढला, कमी नाही झाला. पूर्वी विहीर खणायला दोन उन्हाळे जायचे, चुकलं तर घरच्यांचे हात दुखायचे. आता एका रात्रीत कर्जाचा पैसा जमिनीत जातो. फुटाला पैसे आहेत, पाणी लागो न लागो. जिथं धोका मोठा तिथं माणसाला कुणाचा तरी हात धरावासा वाटतो. मी पाणाड्याला मानत नाही. आपला खडक असा आहे की पाणी फटींमधी असतं, वीस हातांवर एकाला लागतं अन् दुसऱ्याचा बोअर फेल जातो, त्यामुळं पाणाड्या बरोबर आला की गावभर होतं, चुकला की विसरतात.

दुसरी गोष्ट. तुमची हाकारीण एकीकडं पाणी आणते अन् कुणाची तरी विहीर आटते. आमचं मशीन वेगळं काय करतं? पाचशे फूट गेलो की शेजारच्या आडाचं पाणी खाली जातं. सरकारी पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर-बोअर घ्यायला १९९३ च्या कायद्यानं बंदी घातली ती उगाच नाही. तुमच्या पुस्तकात इंजिनवाल्यांच्या त्या दोन भोकांचं पाणी कुठून आलं?

पाऊलखुणा

कातळ, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मी वही मिटून बसले. तीन वर्षांत तो मला पडला नव्हता. हाकेची किंमत मी मोजून ठेवली आणि भोकाचं पाणी फुकटचं मानलं. चूक आहे, दुरुस्त करणार.

उलटतपासणी, टोचण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. पण हुरहुर आणि सुटका यांतलं एकच निवडायला मी तयार नाही. जिच्या आईनं मरताना कानात शब्द सांगितले तिला ते गिळून टाकावे लागणार, आणि तिच्याच शेजारणीला आता पाण्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागणार नाही. दोघी एकाच गल्लीत राहतात.

धरणपायथा

माझा विरोध वेगळ्याच जागी आहे. 'भोक कुणालाही पाडता येतं' हे वाक्य तुम्ही इतक्या विश्वासानं लिहिलंत की थांबावं लागलं. इंजिन तुमचा जन्म विचारत नाही, ठीक. पण इंजिन कुणाचं आहे? कोळसा कोण देतं? पहार कुठल्या भट्टीत घडते आणि तुटली तर ती किती दिवसांत मिळते? सुताराचा पोरगा सहा महिन्यांत इंजिन चालवायला शिकला, बनवायला नाही. एका घराण्याच्या कानातलं पाणी दुसऱ्या घराण्याच्या वखारीत गेलं, एवढाच बदल झाला असेल तर?

१९२१ मध्ये मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट पुढे होते. भाताची खाचरं पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यासाठी 'जादू गेली, तंत्रज्ञान आलं' या वाक्याचा अर्थ काय होता? त्याच्या घरात तर दिवा लागला नव्हता.

आणि देवांचं काय करणार आहात? गोव्यात सांगे तालुक्यात साळावली धरणाखाली कुर्डी गाव गेलं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर त्या गावच्या. तिथलं जुनं महादेवाचं दगडी देऊळ सुटं करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभं केलं. बाकीचं गाव पाण्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात आणि विस्थापित लोक तिथं परत जमतात, देवळात पूजा होते, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या प्रार्थनेला येतात. मग पाऊस, आणि अकरा महिने पुन्हा काही नाही. कोरांटच्या पठारावर हाक जिथं मारायचे ती जागा पवित्र असेलच. ती कुठल्या टाकीखाली गेली, हे तुमच्या नकाशात आहे का? मी असलं जग रचलं असतं तर सुरुवात त्या जागेपासून केली असती, इंजिनापासून नाही.

रानजाई

मी धागाकर्तीच्या बाजूनं, पण तिच्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी.

आपल्या भाषेत हा विषय लिहिताना एक मोठी सोय आहे आणि ती कुणी वापरत नाही. यंत्र म्हणजे मशीन, आणि यंत्र म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून पूजेत ठेवतात तेही. तंत्र म्हणजे मांत्रिकाचं आणि तंत्रज्ञाचंही. आपल्याकडे जादूसाठी एक शब्द आणि तंत्रज्ञानासाठी दुसरा, अशी भिंतच नाही. खंडेनवमीला लेथ मशीनला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ चढते, आणि दुसऱ्या दिवशी तोच फिटर मायक्रोमीटरनं शंभरावा भाग मोजतो. त्याला यात काही विसंगत वाटत नाही.

म्हणून पाऊलखुणा, इंजिनवाल्यांच्या पहिल्या पिढीला कोरांटचे लोक काय नावानं हाक मारतील? ते नवा शब्द घडवणार नाहीत. ते त्यांनाही हाकारीच म्हणतील, 'लोखंडाचे हाकारी'. शब्द आधी वाटला जाईल, मग मान, मग पाणी. सोडून देणं असं शब्दातून झालेलं मला जास्त खरं वाटेल. बाजारात पहार दाखवून ते होणार नाही.

उलटतपासणी

रानजाई, लेथला कुंकू लावणारा फिटर मलाही आवडतो. पण तो कुंकवावर विसंबून माप घेणं सोडत नाही, हे तुम्हीच लिहिलंत. पाणाड्याच्या खुणेवर कर्जाची गाडी उभी राहते तिथं मात्र माप सुटलेलं असतं. दोन्हीला एकाच मायेनं बघता येणार नाही. भाषेत भिंत नाही हे खरं. म्हणून तर लिहिणाऱ्यानं ती कुठं असावी ते ठरवायला हवं.

पाऊलखुणा

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मूळ मुद्दा मी सोडत नाही: शेवटच्या दिवशीही हाकेला पाणी येणार. पण तीन बदल आत्ताच ठरले.

धरणपायथा यांच्यामुळे वखार आली. पहारी खालच्या मुलखातल्या एकाच भट्टीत घडतात, आणि शिकणं खुलं असलं तरी लोखंड खुलं नाही. माझं 'कुणालाही' हे अर्धंच खरं होतं. तरी शिकणं खुलं झालं याची किंमत मी शून्य धरणार नाही. कानातल्या शब्दासाठी आईच्या मरणाची वाट बघणाऱ्या मुलीला विचारा.

उलटतपासणी यांच्यामुळे दगड आले. हाक चुकत नाही, पण विहिरी आटतात. ज्याची आटली त्याला कळतं की कुणीतरी कुठंतरी हाक मारली. कुणी, ते कळत नाही. मग तो सगळ्यात जवळच्या हाकारणीकडे जातो. याचा अर्थ असा की काही हाकारणी स्वतःहून गप्प बसतील, मुलींना शब्द न देताच मरतील. आधी मला वाटत होतं की लोकांनी जादू सोडली. आता वाटतंय, निम्मी तर हाकारणींनीच सोडली असणार.

आणि कातळ यांच्यामुळे, भोकांचं पाणीही कुणाच्या तरी विहिरीतून येतं. फक्त त्या वेळी कुणाच्या दारावर जायचं हे कुणालाच माहीत नसतं, कारण इंजिनाला दार नाही. हा भाग कसा लिहायचा ते अजून सापडलेलं नाही.

रानजाई, 'लोखंडाचे हाकारी' घेऊ का? विचारल्याशिवाय वापरणार नाही.

रानजाई

घ्या की. पुस्तक झालं की कळवा, तेवढं पुरे.

कातळ

ताई, इंजिनाला दार नसतं हे बरोबर, पण गाडी चालवणाऱ्याला तोंड असतं. शेजारची विहीर आटली की लोक आमच्याकडंच बघतात. आम्ही पुढच्या गावी गेलेलो असतो, पण त्या रस्त्यानं परत जायची वेळ आली की मी अजूनही त्या शेतापाशी गाडीची काच वर करतो. ते लिहा.

आणि भोक पाडायचा प्रसंग लिहिताना एक लक्षात ठेवा. पाणी एकदम उसळत नाही. आधी दगडाचा कोरडा फुफाटा उडतो, पांढरा, सगळ्यांच्या पापण्यांवर बसतो. मग तो दबतो, रंग गडद होतो. त्या वेळी मशीनवरचा माणूस खाली वाकून मूठभर चुरा उचलतो अन् दाबून बघतो. गोळा झाला तर मागं वळून शेतकऱ्याला मान हलवतो. आवाज इतका असतो की बोलून काही ऐकू जात नाही.