१३ बॅच, १२ स्लॉट : ‘बसत नाही’ एवढं सांगायला सॉल्व्हरला रात्र का पुरत नाही?

रसायन_मिरज

नमस्कार. आमच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्रीची लॅब एकच आहे. सोमवार ते शनिवार, सकाळ-दुपार धरून आठवड्याचे १२ स्लॉट होतात. प्रॅक्टिकलचं वेळापत्रक मी सॅट सॉल्व्हरवर करतो, म्हणजे दिलेल्या सगळ्या अटी एकाच वेळी पाळता येतात का हे शोधणाऱ्या प्रोग्रामवर. ‘बॅच ४ बुधवारी दुपारी’ अशा प्रत्येक जोडीला एक चल (खरं किंवा खोटं), आणि अटी म्हणजे ‘किंवा’ने जोडलेली छोटी विधानं. गेली दोन वर्षं चहा होईपर्यंत उत्तर यायचं. यंदा संध्याकाळी सातला लावलं, सकाळी सहाला उठून बघतो तर चालूच.

मग एकेक अट काढत गेलो. शिक्षकांच्या रजा काढल्या, फिजिक्सशी होणारी टक्कर काढली. शेवटी दोनच गोष्टी उरल्या : प्रत्येक बॅचला एक तरी स्लॉट हवा, आणि एका स्लॉटात दोन बॅच नकोत. तरी तो अडकलेलाच. तेव्हा मोजल्या, तर प्रवेश वाढल्यामुळे बॅच १३ झालेल्या. १५६ चलं, ९४९ अटी. हे बसणार नाही हे माझी सातवीतली मुलगीही सांगेल. मग सॉल्व्हरमध्ये दोष आहे की माझ्या अटींमध्ये?

सिद्धता

दोष कुठेच नाही. तुम्ही अटी काढत काढत नेमके पिजनहोल तत्त्वाशी (खणांपेक्षा कबुतरं जास्त असली तर एका खणात दोन येणारच) येऊन पोचलात, आणि ते या विषयातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण आहे.

वेळापत्रक बसत असेल तर ते नोटीस बोर्डावर लावता येतं. कुणीही पाच मिनिटांत तपासेल. पण बसत नसेल तर प्राचार्यांच्या टेबलावर कोणता कागद ठेवायचा? सॉल्व्हर ‘नाही’ म्हणतो तेव्हा त्याने रात्रभर केलेलं काम हीच एक सिद्धता असते. तीत नियम एकच, रेझोल्यूशन : ‘अ किंवा क्ष’ आणि ‘ब किंवा क्ष-नाही’ यांवरून ‘अ किंवा ब’. मोजणी नाही, बेरीज नाही. तुमची मुलगी ‘तेरा बारापेक्षा जास्त’ म्हणते, ते वाक्य या भाषेत थोडक्यात बोलताच येत नाही.

हे नुसतं मत नाही. आर्मिन हाकेन यांनी १९८५ साली सिद्ध केलं की पिजनहोलची रेझोल्यूशनमधली कोणतीही सिद्धता घातांकी लांबीची, म्हणजे बॅच वाढतील तशी पटींनी फुगत जाणारी, असणारच. कितीही हुशार सॉल्व्हर आणा, त्याची भाषा हीच असेल तर सुटका नाही. (त्यांचे वडील वोल्फगांग हाकेन. १९७६ साली केनेथ अ‍ॅपल यांच्यासोबत चार रंगांचं प्रमेय संगणकाच्या मदतीने सोडवणारे.) हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. ‘मला सिद्धता सापडत नाही’ आणि ‘छोटी सिद्धता अस्तित्वातच नाही’ यांत केवढं अंतर आहे, आणि ते इथे कुणीतरी पार केलं होतं.

आता भाषा जराशी वाढवू. नवीन नावं ठेवायची मुभा द्या. शेवटचा स्लॉट शनिवार दुपार. नवं चल असं धरा : ‘बॅच ४ बुधवारी दुपारी आहे, किंवा बॅच ४ शनिवारी दुपारी असून बॅच १३ बुधवारी दुपारी आहे’. म्हणजे शनिवार दुपारवाल्यांना उठवून तेराव्या बॅचच्या जागी बसवलं, आणि तेरावी बॅच व शनिवार दुपार दोन्ही खोडून टाकली. उरल्या १२ बॅच, ११ स्लॉट. असंच उतरत जा, शेवटी एका स्लॉटात दोन बॅच येतात. स्टीफन कुक यांनी १९७६ साली दाखवलेली ही छोटी सिद्धता. तुमच्यासाठी हिशेब केला : एकूण ५७२ नवी नावं पुरतात.

खडू_डस्टर

असमीकरणांची भाषा घेतली तर आणखी सोपं. चल खरं तर १, खोटं तर ०. प्रत्येक बॅचची बेरीज किमान १, अशी १३. प्रत्येक स्लॉटची बेरीज जास्तीत जास्त १, अशी १२. सगळी मिळवा : तीच बेरीज किमान १३ आणि जास्तीत जास्त १२. संपलं. रसायन सर, सॉल्व्हरला देण्याआधी ही एक बेरीज स्वतः करत जा, रात्र वाचेल.

आणि ताई, मग हाकेन यांच्या निकालावरून पी (पटकन सोडवता येणारे प्रश्न) आणि एनपी (ज्यांचं ‘हो’ हे उत्तर पटकन तपासता येतं असे प्रश्न) वेगळे ठरले असं नाही का होत?

सिद्धता

नाही, आणि इथेच नीट बोलायला हवं. हाकेन यांनी एका भाषेबद्दल सांगितलं. कुक आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट रेकहाउ यांनी १९७९ मध्ये मांडलं ते असं : प्रत्येक सदासत्य विधानाला बहुपदी लांबीची (विधानाच्या लांबीच्या वर्ग, घन अशा ठरावीक घाताइतपतच वाढणारी) सिद्धता देणारी एखादी तरी पद्धत असेल, तरच एनपी आणि को-एनपी (ज्यांचं ‘नाही’ हे उत्तर पटकन तपासता येतं असे प्रश्न) एक. तशी पद्धत मुळीच नाही असं दाखवलं, तर पी आणि एनपीही वेगळे ठरतात. म्हणजे भाषा एकेक करून पाडून भागत नाही, सगळ्याच पाडाव्या लागतात. मूळ प्रश्न तर त्याहून जुना. मार्च १९५६ मध्ये आजारी गणितज्ञ फॉन नॉयमन यांना लिहिलेल्या पत्रात तर्कशास्त्रज्ञ गोडेल यांनी विचारलं होतं की n लांबीपर्यंतची सिद्धता आहे की नाही हे ठरवायला यंत्राला किती पायऱ्या लागतील, आणि ही वाढ n किंवा n-वर्ग इतपतच असेल का.

रसायन_मिरज

ताई, रविवारी बसलो. ५७२ चलांच्या व्याख्या आणि पुढच्या पायऱ्या पायथनने लिहून काढल्या आणि सिद्धता तपासणाऱ्या प्रोग्रामला दिल्या. लगेच पास झाली. प्राचार्यांना मात्र खडू_डस्टर सरांची बेरीज दाखवली. त्यांनी दोन लहान बॅच एकत्र करायला मान्यता दिली.

एकच शंका उरली. ही नावं तुम्ही सुचवलीत. दुसऱ्या एखाद्या कोड्यासाठी अशी नावं सापडतीलच असं असतं का?

सिद्धता

ते कुणालाच माहीत नाही. नवीन नावांची मुभा नसलेल्या, पुस्तकातल्या साध्या तर्कपद्धतीतही, म्हणजे फ्रेगे पद्धतीत, पिजनहोलची छोटी सिद्धता निघते. सॅम बस यांनी १९८७ मध्ये तर्कसूत्रांतूनच मोजणी करून ती दिली. त्या पद्धतीला खरोखर जड जाणारं, म्हणजे बहुपदीहून लांब सिद्धता लागतेच असं एकही विधान आजवर कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही.