मेमोरियल डेच्या गर्दीत इंक्स लेकवर बास मासा पकडायचाय, पहिल्यांदाच जातोय, जमेल का?

राउंडरॉकवाला:

नमस्कार मंडळी. मे अखेरच्या मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडला आम्ही तीन फॅमिली मिळून टेक्सासमधल्या इंक्स लेक स्टेट पार्कला चाललोय. कॅम्पसाइट पाच महिने आधी, बुकिंग उघडल्या उघडल्या घेतली म्हणून मिळाली. मुलगा ११ वर्षांचा आहे, यूट्यूबवर बास फिशिंगचे व्हिडिओ बघून बघून त्याने आमचं डोकं खाल्लंय, त्याला लार्जमाउथ बासच (मोठ्या तोंडाचा गोड्या पाण्यातला मासा) पाहिजे, दुसरा मासा चालणार नाही म्हणतो. मुलगी ७ वर्षांची, दादा करेल ते ती करणार. नाशिकहून माझे बाबा आलेत, तेही बरोबर आहेत. आमच्यापैकी कुणीच आजवर गळ हातात धरलेला नाही.

तर लायसन्स कुणाकुणाला लागेल? बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत. बोट नाहीये, काठावरून किंवा पिअरवरून (पाण्यात काढलेल्या फळ्यांच्या धक्क्यावरून) जमतं का? रॉड कुठला घेऊ? दुकानात जाऊन आलो, भिंतभर रॉड आणि त्याहून जास्त रंगीत रबरी किडे, काय उचलायचं तेच कळेना. आणि मुख्य म्हणजे जेट स्की, ट्यूब ओढणाऱ्या बोटी, पोहणारी पोरं, स्पीकरवर गाणी, ह्या सगळ्यात मासा लागतो तरी का?

अजून एक, बाबा माळकरी आहेत. नातवाचा हट्ट म्हणून हो म्हणाले पण अट घातलीय की मासा परत पाण्यात सोडायचा आणि तो जगला पाहिजे. त्याचंही नीट सांगा प्लीज.

---

हिलकंट्री_हौशी:

लायसन्सचं आधी सांगतो म्हणजे एक विषय संपेल. टेक्सासमध्ये स्टेट पार्कच्या आत काठावरून किंवा पिअरवरून मासे धरायला लायसन्स लागत नाही, तुम्हालाही नाही आणि बाबांनाही नाही. पार्कच्या बाहेर गेलात किंवा कयाक घेऊन लेकमध्ये आत जाऊन गळ टाकलात तर मात्र १७ पासून पुढच्या प्रत्येकाला लागतं, बाबांना नॉन-रेसिडेंटचं घ्यावं लागेल, ते एका दिवसाचंही मिळतं. पण साइझचे नियम पार्कमध्येही लागू आहेत, लार्जमाउथ १४ इंचांपेक्षा छोटा ठेवता येत नाही आणि सगळ्या जातींचे बास मिळून माणशी दिवसाला ५. तुम्ही सोडणारच आहात म्हणा, पण मुलाला नियम माहीत असलेले बरे.

काठावरून जमतं का म्हणाल तर इंक्स त्यासाठीच चांगलाय. वर लेक बकॅनन आणि खाली लेक एलबीजे, त्या दोघांच्या मधला हा छोटा लेक, वरून पाणी आलं की खाली सोडतात, त्यामुळे लेव्हल जवळपास वर्षभर तीच असते. दुष्काळात लेक ट्रॅव्हिसचं पाणी इतकं खाली जातं की बोटीचे रॅम्प कोरडे पडतात, काठावरची झाडंझुडपं आणि पाणी ह्यांची भेटच होत नाही. इंक्सवर काठाचं गवत, दगड, पिअरचे खांब सगळं पाण्यातच असतं आणि बासला राहायला नेमकं तेच लागतं.

आता गर्दी. मासा लागतो, नक्की लागतो, पण वेळ तुम्हाला पाळावी लागेल. त्या दिवसांत साडेसहाच्या सुमारास उजाडतं. तुम्ही उजाडायच्या आधी पिअरवर पोचलेले पाहिजेत, म्हणजे आदल्या रात्रीच रॉड बांधून तयार, पोरांचे बूट तंबूच्या तोंडाशी, चहा थर्मासमध्ये. पहिली जेट स्की सुरू होईपर्यंतचे दोन-अडीच तास हाच तुमचा खरा दिवस. नंतर बोटींच्या लाटा काठावर आपटून पाणी गढूळ होतं, उथळातला मासा खोल जातो नाहीतर सावलीत घट्ट चिकटून बसतो. मग दुपारी पोहा, जेवा, झोपा. संध्याकाळी बोटी परतायला लागल्या की पुन्हा या, अंधार पडेपर्यंत. लोक भर बाराला रणरणत्या उन्हात उभे राहतात आणि लेकमध्ये मासेच नाहीत म्हणतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

दिवसा पार्कमधल्या डेव्हिल्स वॉटरहोल ह्या डोहाकडे गळ घेऊन अजिबात जाऊ नका. तिथे कड्यावरून पोरं उड्या मारत असतात आणि कयाकची रांग असते.

आणि एक गोष्ट मे महिन्याची खास. तेव्हा बासची अंडी घालून झालेली असतात पण सनफिशची (छोट्या चपट्या माशांची) चालू असतात. पोलराइज्ड गॉगल घालून काठाजवळ दोन-तीन फूट पाण्यात बघा, तळाला ताटाएवढे गोल खळगे दिसतील, एकाला एक लागून, आजूबाजूपेक्षा फिकट रंगाचे. ती सनफिशची घरटी. नर तिथून हलत नाही, जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जातो. हे सनफिश खायला बास तिथेच आसपास टपून असतो, पण खळग्यांवर नाही, जिथून पाणी खोल व्हायला लागतं त्या कडेवर. मुलाला सांगा घरट्यांच्या पलीकडे त्या कडेवर टाक. हे एक बघायची सवय लागली तर कुठल्याही लेकवर उपयोगी पडेल.

---

मालवणी_ह्यूस्टनकर:

आमच्याकडे गरवायला (मासे धरायला) जाणं म्हणजे हातात दोरी, टोकाला गरी (गळ) आणि शिसं, बस्स. इथे आल्यावर रॉड-रील शिकलो, पण बोटाला कळतं ते तेच. म्हणून सामान कमी घ्या असं कळकळीने सांगेन.

साडेसहा ते सात फुटांचा मीडियम पॉवरचा स्पिनिंग रॉड, रीलसकट कॉम्बो मिळतो. बेटकास्टर, म्हणजे आडव्या चक्रीचं रील, घेऊ नका, नवशिक्याच्या हातात दोरीचा नुसता गुंता होतो. ८ पाउंडाची (तेवढा ताण सोसणारी) साधी मोनो, म्हणजे एकेरी नायलॉनची लाइन. बऱ्याच स्टेट पार्कमध्ये रॉड फुकट वापरायला देतात, जायच्या आधी पार्क ऑफिसला फोन करून विचारा, नाहीतर उगाच तीन-तीन रॉड विकत घ्याल.

आमिष दोनच प्रकारचं. पहिलं वॅकी रिग, म्हणजे पाच इंची मऊ रबरी वर्म घ्यायचा आणि गळ बरोब्बर त्याच्या पोटात मधोमध आडवा घालायचा. शिसं काही लावायचं नाही. पिअरच्या सावलीच्या कडेला टाकायचा आणि हात लावायचा नाही, नुसता बुडू द्यायचा, बुडताना त्याची दोन्ही टोकं थरथरत जातात आणि बास बहुतेक वेळा तेव्हाच घेतो. सगळी नजर दोरीवर. हाताला झटका बसेल म्हणून वाट बघत बसाल तर मासा घेऊन थुंकूनही मोकळा होतो. दोरी टुणकन हलली, आडवी सरकायला लागली किंवा तळ लागायच्या आधीच ढिली पडली की समजायचं घेतला. ढिली दोरी गुंडाळा आणि रॉड वर उचला. काही झालं नाही तर तळाला पोचल्यावर रॉड हळूच फूटभर वर, परत बुडू द्या, दोन-तीनदा झालं की गुंडाळून दुसरीकडे टाका.

दुसरं टेक्सास रिग, गवतात आणि दगडात टाकायला. दोरीत गोळीच्या आकाराचं १/८ औंसाचं शिसं ओवायचं, टोकदार बाजू रॉडकडे. मग ३/० चा ऑफसेट गळ बांधायचा. वर्मच्या डोक्यात टोचून पाव इंचावर बाहेर काढायचा, वर सरकवून डोकं गळाच्या वाकड्या मानेत बसवायचं, गळ फिरवून टोक परत वर्मच्या अंगात लपवायचं. वर्म सरळ लोंबला पाहिजे, मुरगळलेला असला तर पाण्यात गरगर फिरतो आणि दोरीला पीळ बसतो. टोक लपलेलं असल्याने गवतात अडकत नाही.

रंगाचा घोळ घालू नका. पाणी स्वच्छ असेल तर ग्रीन पंपकिन (गडद हिरवट-तपकिरी), बोटींनी गढूळ केलं की काळा-निळा.

दोरीला गळ बांधायची पालोमार नावाची गाठ शिका, मुलालाही शिकवा, आणि आवळायच्या आधी थुंकी लावून ओली करा, कोरडी आवळली तर दोरी घासून कमजोर होते आणि नेमका मोठा मासा लागला की तिथेच तुटते. रीलचा ड्रॅग (दोरी सुटण्याचा ब्रेक) असा ठेवा की हाताने जोरात ओढली तर दोरी सुटली पाहिजे.

---

सीडरपार्कची_आई:

माझं मत थोडं वेगळंय. ११ वर्षांच्या मुलाला बास पाहिजे हे ठीक, पण ७ वर्षांची मुलगी पहाटे उठून दोन तास दोरीकडे बघत बसणार नाही. तिच्यासाठी छोटा रॉड, ८ नंबरचा बारीक गळ, वर छोटा फ्लोट आणि गांडुळाचा नखाएवढा तुकडा. पूर्ण गांडूळ लावलं तर सनफिश कडेकडेने कुरतडून नेतात आणि गळाला काही लागत नाही. पिअरच्या खांबाजवळ सोडलं की फ्लोट बुडतोच, आणि तो लाल बुडबुड्यासारखा फ्लोट दिसेनासा झाल्यावर मुलं जी किंचाळतात ना, त्यासाठी एवढ्या लांब जावं. दादालाही आधी एक-दोन सनफिश काढू द्या, रॉड कधी उचलायचा, मासा कसा ओढतो हे हाताला कळतं, मग बास सोपा जातो.

लाइफ जॅकेट पिअरवरही घाला. कयाकमध्ये बसलात तर १३ वर्षांखालच्या मुलांनी ते घातलेलं असणं टेक्सासमध्ये कायद्यानेच सक्तीचं आहे. पिअरवर गर्दी असते म्हणून मुलांना डोक्यावरून रॉड फिरवून टाकू देऊ नका, आधी मागे बघायचं, मोठ्याने "टाकतोय" म्हणायचं, मग टाकायचं. कुणी पोहत जवळ आलं तर गळ पाण्याबाहेर, वाद घालत बसायचं नाही. सगळ्यांच्या पायात बूट हवेत कारण लोकांचे तुटलेले गळ तिथे फळ्यांमध्ये पडलेले असतात. गॉगल मोठ्यांनाही आणि मुलांनाही, उन्हासाठी नाही, गळापासून डोळे वाचवायला. तुमची तुटलेली दोरी पाण्यात टाकू नका, पक्षी आणि कासवं अडकून मरतात.

---

राउंडरॉकवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार, मुलगा हे वाचून आत्ताच पालोमार गाठ बांधायला बसलाय. सनफिशच्या घरट्यांचं तर मला माहीतच नव्हतं. आता फक्त सोडण्याबद्दल सांगा ना कुणीतरी. बाबा रोज विचारतायत की गळाने जखम झाल्यावर मासा जगतो का खरंच. त्यांना खोटं सांगायचं नाहीये.

---

हिलकंट्री_हौशी:

बाबांना खरं तेच सांगा. ओठाला लागलेला बास लवकर सोडला तर बहुतेक वेळा जगतो, गळ घशात किंवा कल्ल्यात गेला तर धोका असतो. म्हणजे आपल्या हातात बरंच काही आहे.

घरी असतानाच पक्कडीने गळाचा काटा, तो उलटा फिरलेला बारीक दात, दाबून सपाट करा. मासा क्वचित सुटून जाईल पण गळ निघताना ओठ फाटत नाही. तीन तोंडांचे ट्रेबल गळ असलेली आमिषं ह्या ट्रिपला नकोतच, माशालाही वाईट आणि मुलांच्या बोटांनाही. दोरी हलली की लगेच रॉड उचला, जितका उशीर कराल तितका तो आत गिळतो. लागल्यावर खेळवत बसू नका, पटकन जवळ घ्या, मेमध्ये पाणी तापायला लागलेलं असतं आणि मासा दमला की त्याला सावरायला वेळ लागतो.

हात आधी पाण्यात ओले करा. कोरड्या हाताने, टॉवेलने धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, तो त्याचं इन्फेक्शनपासूनचं संरक्षण असतं. म्हणूनच त्याला पिअरच्या तापलेल्या फळ्यांवर टेकवायचं नाही, हे मुलांना चार वेळा सांगा. अंगठा तोंडात घालून खालचा ओठ धरायचा, बासचे दात खरखरीत कागदासारखे बारीक असतात, चावत नाही. छोटा असेल तर तसाच उभा लोंबता चालतो, मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली आणि आडवा. नुसत्या ओठावर आडवा तोलून फोटो काढतात लोक, त्याने जबडा निखळतो. फोटोवाल्याने कॅमेरा आधी तयार ठेवायचा, आपण जितका वेळ श्वास रोखू शकतो तेवढाच वेळ मासा बाहेर, मग परत.

---

मालवणी_ह्यूस्टनकर:

घशात गेला असेल तर ओढाओढ करू नका, दोरी तोंडाजवळ कात्रीने कापा आणि सोडून द्या. गळ आत राहिला तरी उपटून रक्त काढण्यापेक्षा त्याला जगायची संधी जास्त असते. म्हणून साधे पोलादी गळ घ्या, ते आत राहिले तरी गंजून जातात, स्टेनलेस नको, ते गंजत नाहीत.

पिअर उंच असेल तर वरून फेकू नका. लांब दांड्याची रबरी जाळीची नेट मिळते, तीत ठेवून खाली पाण्यात न्या, मासा सरळ राहून शेपटी हलवायला लागला की जाळी कलती करा, तो आपला आपण जातो. हे काम बाबांना द्या.

---

राउंडरॉकवाला:

बाबांना दाखवलं. नेट मी घेतो म्हणाले. आजच रबरी जाळीवाली ऑर्डर करतो. तिथली घरटी दिसली तर कुठल्या बाजूला होती ते इथे येऊन लिहीन, म्हणजे पुढच्यांना शोधावी लागणार नाहीत.

---

सीडरपार्कची_आई:

नक्की लिहा. आणि निघायच्या आधी पार्कच्या वेबसाइटवर कॅम्पफायरवर बंदी आहे का बघा, मेमध्ये पाऊस झाला नसेल तर पार्क ज्यात येतं त्या बर्नेट काउंटीत बर्न बॅन असू शकतो, मग चहाला गॅसची शेगडी लागेल.