किशोरी मंडळात दोघीच बोलतात, बाकीच्या गप्प. काय करावं?

माळरान: गावात ११ ते १८ वयाच्या २२ मुलींचं मंडळ आहे. दर शनिवारी संध्याकाळी शाळेत जमतात. आरोग्य, स्वच्छता, कायदा अशी व्याख्यानं झाली. तीन महिने झाले तरी दहावीतल्या दोघीच बोलतात, अध्यक्षही त्यांच्यातलीच. बाकीच्यांचं तोंड कसं उघडायचं?

चावडी: व्याख्यानं थोडी थांबवा आणि कामं वाटा. किशोरवयीन मुलींसाठीच्या २०१० च्या ‘सबला’ या सरकारी योजनेत १५ ते २५ मुलींच्या गटाला त्यांच्यातलीच एक सखी, म्हणजे गटप्रमुख, आणि तिला मदत करणाऱ्या दोन सहेली असत. हीच रचना घ्या, फक्त दर चार आठवड्यांनी माणूस बदला. अध्यक्ष कायमची झाली की बाकीच्या सगळं तिच्यावर सोडून मोकळ्या होतात. हजेरी, इतिवृत्त, जमाखर्च, घड्याळ सांभाळणं ही कामंही फिरती ठेवा. जुनीनं नवीच्या शेजारी एक बैठक बसायचं, नाहीतर वही अर्धवट राहते.

बोलण्याचं म्हणाल तर एकदम २२ जणींपुढं उभं करू नका. आधी जोडीत दोन-दोन मिनिटं, मग चौघींत, मग गोलात. गोलात प्रत्येकीनं आपलं नाही, जोडीदारणीचं म्हणणं सांगायचं. दुसरीचं सांगताना चुकलं तर तेवढी लाज वाटत नाही, म्हणून गप्प मुलगीही बोलते. पहिला अर्धा तास लहान-मोठ्या वेगळ्या बसवा. थोरली बहीण किंवा चुलतबहीण समोर असली की धाकटीचा आवाज निघत नाही.

पाणंद: याला गावातल्या खऱ्या कामाची जोड द्या. समजा, रस्त्यावरचे दिवे. आठवडाभर चार जोड्यांनी आपापल्या गल्लीतले खांब मोजायचे, बंद दिवे कुठले ते लिहायचं. निवेदनाच्या दोन प्रती काढून ग्रामपंचायतीत द्यायच्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. पोच नसेल तर पंधरा दिवसांनी विचारायला गेलेल्या मुलींच्या हातात काहीच नसतं. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथं हा विषय घ्या. मुली मतदार नाहीत, म्हणून मागणी आयांनी मांडावी, पण आकडे मुलींनीच वाचावेत. आणि कृपा करून निवेदन तुम्ही लिहून देऊ नका! शुद्धलेखन चुकलं तरी चालेल.

माळरान: फारच उपयोगी. पण अंधार पडला की घरचे पाठवत नाहीत. त्याचं काय?

ओटा: मग वेळच बदला. शनिवारची शाळा सकाळची असेल तर दुपारी भरवा, आणि वस्तीनुसार चार-पाच जणींनी मिळूनच घरी जायचं ठरवा. आयांना महिन्यातून एकदा बोलवा, इतिवृत्त मुलीनंच वाचून दाखवावं.

आणखी एक. गोलातलं घरगुती बोलणं बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा. अपवादही तेव्हाच सांगा: कुणाचं १८ च्या आत लग्न ठरत असेल किंवा कुणी त्रास देत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावं लागेल. हे आधी सांगितलं नाही, तर कळवल्यावर मुलीला फसवल्यासारखं वाटतं आणि ती पुन्हा येत नाही.